विश्लेषण : विंचू चावल्यावर डॉक्टर आधी हात का चाचपतात? महाडच्या संशोधनाने काय बदलले?

भातकापणीच्या दिवसांत पेंढ्याखाली, बांधाच्या दगडांत किंवा चुलीसाठी रचून ठेवलेल्या लाकूडफाट्यात हात जातो आणि बोटाला कळ बसते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांना हा प्रकार नवा नाही. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे या भागातील विंचूदंशाचे दोन मुख्य हंगाम. दंश झाला की घरातले सगळे बोटाकडे पाहतात. जाणकार डॉक्टर मात्र मनगटापासून कोपरापर्यंतचा हात चाचपतो. कातडी गार आहे का, घामाने ओली आहे का, शिरा दिसतात का, हे तो आधी बघतो. या साध्या वाटणाऱ्या तपासणीला उपचारपद्धतीत नेमके स्थान मिळाले, ते महाडमध्ये झालेल्या संशोधनामुळे. केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. अशा वेळी विंचूदंशाचे काय, हा प्रश्न याच दोन तालुक्यांतून विचारला जायला हवा.

कोणता विंचू धोकादायक?

कोकणात दिसणारा मोठा काळा विंचू बघूनच धडकी भरते. पण त्याच्या दंशाने बहुतेक वेळा वेदना होतात, जीव सहसा जात नाही. खरा धोका आकाराने लहान असलेल्या लाल विंचवाचा. त्याचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या संशोधनात तो मेसोबुथस टॅम्युलस या नावाने आढळतो आणि त्याच्या एका उपप्रजातीला तर कोकणाच्या नावावरूनच ‘कोंकानेन्सिस’ असे नाव मिळाले आहे. दगडाच्या फटी, कौलारू घराच्या भिंती, गवताच्या गंजी, लाकडाचे ढीग या त्याच्या आवडत्या जागा. म्हणूनच दंश प्रामुख्याने हातापायांवर होतात. विषाची मात्रा तीच, पण शरीर लहान, म्हणून लहान मुलांना धोका जास्त.

हात गार का पडतो?

या विंचवाचे विष मज्जातंतूंवर काम करते. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियम आणि पोटॅशियमच्या कणांची ये-जा करणारी सूक्ष्म दारे असतात. विषातले काही घटक सोडियमची दारे वेळेवर बंद होऊ देत नाहीत, तर काही पोटॅशियमची दारे अडवतात. याच विंचवाच्या विषातून वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन हे द्रव्य पोटॅशियमच्या दारांचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये वापरले जाते.

दारे बिघडली की मज्जातंतू थांबायचे नाव घेत नाहीत. शरीरात अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. दरदरून घाम येतो, उलट्या होतात, छातीत धडधड वाढते, पुरुषांमध्ये आणि लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठर होते. त्याच वेळी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. कातडीकडे येणारे गरम रक्त कमी झाले की हात गार पडतो आणि एरवी ठळक दिसणाऱ्या शिरा दिसेनाशा होतात.

शेतातल्या पंपाचे उदाहरण घ्या. पंप पूर्ण जोरात चालू आहे आणि पुढचे सगळे व्हॉल्व्ह कोणीतरी आवळून ठेवले आहेत. पाणी पुढे जात नाही, पाइपात दाब वाढतो आणि सगळा ताण मोटरवर येतो. इथे मोटर म्हणजे हृदय. ते थकले की रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी भरते, खोकताना फेस येतो आणि रुग्णाला श्वास घेणे कठीण होते. विंचूदंशाने होणारे मृत्यू मुख्यतः अशा प्रकारे होतात. गार हात ही त्याच्या कितीतरी आधी मिळणारी सूचना आहे.

महाडमध्ये नेमके काय घडले?

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तिथे येत आणि त्यातले काही दगावत. हाताशी मोठी यंत्रसामग्री नव्हती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कधी चढला आणि कधी उतरला, हे त्यांनी तासातासाने टिपले.

त्यातून एक क्रम दिसू लागला. हृदय कोलमडण्याआधी शरीर ठरावीक खुणा दाखवते. या पूर्वसूचनांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढचा प्रश्न उपचाराचा होता. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले तर हृदयावरचा भार उतरेल, हा तर्क होता. प्राझोसिन हे तेव्हा रक्तदाबासाठी वापरले जाणारे औषध. नॉरअॅड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या अल्फा रिसेप्टरवर काम करते, तीच जागा हे औषध अडवते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ते विंचूदंशाच्या रुग्णांना दिले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

बावस्करांच्या शोधनिबंधांनुसार, प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते नंतर काही मोजक्या टक्क्यांपर्यंत खाली आले. या कामासाठी डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

गोळीचा फायदा काय?

हातच्या शिरा आवळल्या असतील तर सुई लावायला शीर सापडत नाही. घामाघूम, तडफडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या गार हातात सलाइन लावणे अनुभवी परिचारिकेलाही अवघड जाते. तोंडावाटे देता येणाऱ्या गोळीला शिरेची वाट पाहावी लागत नाही. ती साध्या खोलीच्या तापमानात राहते, स्वस्त असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला देता येते. मोठ्या रुग्णालयात जायला दोन तास लागणार असतील तर ही गोष्ट निर्णायक ठरते.

औषध पुरे झाले हे कसे ठरवायचे, याचा निकषही हातावरच सापडला. हातपाय गरम आणि कोरडे झाले, शिरा पुन्हा सहज दिसू लागल्या, की रक्तवाहिन्या सैल झाल्या असे समजायचे. तोवर वजनानुसार ठरलेली मात्रा डॉक्टर ठरावीक तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अचानक उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावे लागते, उठून चालू द्यायचे नसते. घाम आणि उलट्यांमुळे अंगातले पाणी गेलेले असते, ते भरून काढावे लागते. म्हणूनच ही गोळी घरात आणून ठेवण्याची आणि स्वतःच्या मनाने घेण्याची नाही.

कळ नसेल तर विष नाही, असे समजायचे का?

हा सर्वात घातक गैरसमज. दंशाच्या जागी असह्य कळ येत असेल आणि अंगभर दुसरे काही लक्षण नसेल, तर तो तुलनेने सौम्य दंश असतो. उलट विष अंगात पसरते तेव्हा जागेवरची कळ कमी किंवा सोसण्याजोगी असू शकते. महाडच्या निरीक्षणांत असेही आढळले, की रुग्ण सुधारू लागला की दंशाच्या जागेची कळ पुन्हा जाणवू लागते. ‘आता दुखत नाही, झोपू द्या त्याला’ असे म्हणून मुलाला रात्रभर घरात ठेवणे त्यामुळे धोक्याचे. कळ थांबली आणि हात गार, घामेजलेला झाला, तर ती दवाखान्यात न्यायची वेळ आहे.

आणि गरम हात म्हणजे धोका टळला का?

नेहमीच नाही. बावस्करांच्या वर्गीकरणात विंचूदंशाचे चार टप्पे आहेत. पहिल्यात फक्त जागेवरची वेदना, दुसऱ्यात घाम-उलट्यांसारखी लक्षणे, तिसऱ्यात गार हातपाय आणि फुप्फुसात पाणी. चौथ्या टप्प्यात मात्र हातपाय गरम असतात आणि रक्तदाब पडलेला असतो. याला उष्ण शॉक म्हणतात. हा टप्पा सर्वात गंभीर.

याचा अर्थ, नुसत्या हाताच्या स्पर्शावर निर्णय घेता येत नाही. स्पर्शासोबत नाडी मोजावी लागते, दंडाला कफ बांधून रक्तदाब घ्यावा लागतो, छाती ऐकावी लागते. सुरुवातीला चढलेला दाब नंतर हृदय थकल्यामुळे उतरतो आणि दोन्ही वेळा हात गारच लागू शकतो. उपचार मात्र दोन्ही वेळा सारखे नसतात. म्हणून या तपासण्या एकदाच करून चालत नाही. त्या पुन्हा पुन्हा करणारे माणूस रुग्णाजवळ लागते.

प्रतिविष आल्यावर गोळी मागे पडली का?

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष नष्ट करत नाही. ते काम प्रतिविषाचे. मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होते. दोन्ही एकत्र दिले तर काय होते, हे तपासणारी चाचणी महाडच्याच बावस्कर रुग्णालयात झाली आणि जानेवारी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

या चाचणीत ७० रुग्ण होते. ३५ जणांना प्राझोसिनसोबत प्रतिविष दिले, ३५ जणांना फक्त प्राझोसिन. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, फक्त गोळी मिळालेल्यांना सरासरी १७.७ तास लागले. १० तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३२ होते, दुसऱ्या गटात ८. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेत मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दोन्ही औषधे मिळालेली मुले लवकर बरी झाली.

या आकड्यांना मर्यादा आहेत. महाडची चाचणी एकाच केंद्रातली होती, रुग्णसंख्या लहान होती आणि कोणाला काय दिले जात आहे हे डॉक्टरांना माहीत होते. तरीही ग्रामीण आरोग्य व्यवस्थेसाठी निष्कर्ष स्पष्ट आहे. प्रतिविष असेल तर दोन्ही द्यावे. ते नसेल तर निदान गोळी तरी वेळेवर मिळावी.

साप चावल्यास हात काय सांगतो?

याच भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांचा वावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशावर बावस्करांचे संशोधनही प्रसिद्ध आहे. इथे हाताकडे बघण्याची रीत वेगळी. घोणस किंवा फुरसे हाताला चावले तर सूज बोटांवरून मनगटाकडे आणि तिथून कोपराकडे चढते. रुग्णालयात सुजेच्या कडेला पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहितात. अर्ध्या तासाने सूज रेघेच्या किती पुढे गेली, यावरून विष किती वेगाने पसरते आहे याचा अंदाज येतो.

दुसरी तपासणी रक्ताची. हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. या तपासणीला नळी आणि घड्याळ एवढेच लागते.

मण्यारीचे मात्र उलटे. तिच्या दंशाच्या जागी सूज नसते आणि दातांच्या खुणाही दिसत नाहीत असे अनेकदा होते. हात पूर्ण सामान्य दिसतो आणि काही तासांत पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. पहाटे पोटदुखीची आणि पापण्या उघडत नसल्याची तक्रार घेऊन आलेला, जमिनीवर झोपणारा रुग्ण हा सर्पदंशाचा असू शकतो, हे डॉक्टरच्या डोक्यात असावे लागते.

पोलादपूरच्या घाटमाथ्याकडच्या जंगलात हिरवा चापडाही आढळतो. तो झुडपात, फांद्यांवर बसतो, त्यामुळे त्याचा दंश हाताला होण्याची शक्यता जास्त. भारतात मिळणारे प्रतिविष प्रमुख चार सापांसाठी बनवलेले आहे, चापड्याच्या विषावर ते उपयोगी पडत नाही. सरसकट सगळ्यांना प्रतिविष देणे हे म्हणूनच उत्तर ठरत नाही.

हाताला दोरी बांधणे चुकीचे का?

कोपराखाली हाताचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांमध्ये बंद असतात. हे कप्पे फारसे ताणले जात नाहीत. आत सूज वाढली की दाब वाढतो आणि स्नायूंना, नसांना रक्त मिळेनासे होते. वरून दोरी, रुमाल किंवा वायर घट्ट बांधली तर आपणच हा धोका वाढवतो. विष हातातच अडकून तिथले मांस जास्त खराब होऊ शकते, आणि दोरी एकदम सोडली तर ते झटक्यात शरीरात पसरू शकते. म्हणून बांधून आणलेली दोरी घरात किंवा वाटेत न सोडता रुग्णालयातच सावकाश सोडतात.

कप्प्यातला दाब खरोखरच फार वाढला तर शस्त्रक्रिया करून पडदा मोकळा करावा लागतो. पण रक्त गोठत नसताना चीर दिली तर रक्तस्राव थांबत नाही. आधी प्रतिविष, रक्त गोठू लागल्याची खात्री आणि मगच शस्त्रक्रियेचा विचार, हा क्रम त्यामुळे महत्त्वाचा. दंशाच्या जागी ब्लेड मारणे, चोखणे, डागणे यांतल्या कशाचाही फायदा होत नाही.

मग आता अडले कुठे?

औषध चाळीस वर्षांपूर्वी सापडले. आता प्रश्न पोहोचण्याचा आहे. पोलादपूर तालुक्याच्या बऱ्याच वाड्या सह्याद्रीच्या उतारावर आहेत. डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचे, तिथून गाडी मिळवायची, मग आरोग्य केंद्र, आणि गंभीर असेल तर महाड किंवा त्यापुढे. पावसाळ्यात आंबेनळी आणि वरंध घाट दरडींमुळे बंद पडतात. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुराखाली होते, तळियेवर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. अशा दिवसांत पुढच्या रुग्णालयाचा भरवसा धरता येत नाही, जवळच्या केंद्रात जे असेल तेच उपयोगी पडते.

दुसरा मुद्दा धोरणाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले.

विंचूदंशाबाबत अशी हालचाल नाही. जगात दरवर्षी सुमारे १२ लाख विंचूदंश आणि ३,२५० हून अधिक मृत्यू होतात, असा अंदाज २००८ च्या एका आढाव्यात देण्यात आला होता. मृत्यूंची संख्या सर्पदंशापेक्षा कमी आहे हे खरे. पण ज्याचा उपचार एका स्वस्त गोळीने सुरू होतो, त्याने होणारा मृत्यू टाळणेही तितकेच सोपे असायला हवे. रुग्ण तेच, वाड्या त्याच, आरोग्य केंद्रही तेच. सर्पदंशाच्या नोंदवहीत विंचूदंशाचा एक रकाना वाढवायला आणि एकाच प्रशिक्षणात दोन्ही शिकवायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

घरच्यांनी काय करावे?

- अंगठ्या, बांगड्या, मनगटाचे दोरे आणि घड्याळ लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत.
- दोरी बांधू नका, चीर देऊ नका, चोखू नका, डागू नका.
- साप चावला असेल तर रुग्णाला चालवू नका आणि दंश झालेला हात हलू देऊ नका. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका.
- १०८ क्रमांकावर फोन करा. गाडी आधी मिळत असेल तर तिने निघा.
- दंशाची वेळ लक्षात ठेवा. घाम, उलटी किंवा हात गार पडणे कधी सुरू झाले तेही डॉक्टरांना सांगा.
- लहान मूल असेल तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका.

आपल्या आरोग्य केंद्राला काय विचारावे?

ग्रामसभेत पाच प्रश्न विचारता येतात. प्राझोसिनच्या गोळ्या आज शिल्लक आहेत का? सर्पविष आणि विंचूविष या दोन्हींची प्रतिविषे आहेत का, आणि त्यांची मुदत कधी संपते? काचेच्या परीक्षानळ्या आहेत का? लहान मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा कफ आहे का? आणि रात्री दोन वाजता रुग्ण आला तर त्याच्या हाताला हात लावून बघणारे कोण असेल? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे साठ्याच्या रजिस्टरमध्ये सापडतील. पाचव्याचे उत्तर ड्युटीच्या तक्त्यात असते. तो तक्ता केंद्राच्या दारावर लावायला सांगा.